वडशापर्यंत, धक्का न मारता

चार सिलिंडरचं इंजिन मला एका मिनिटात समजलं होतं. मी आरमोरीकडची, धानाच्या घरची. लहानपणी आमच्याकडे कांडण असलं की एका उखळाभोवती चौघी उभ्या राहायच्या. उखळ एक आणि मुसळं चार. दोघींचं मुसळ एकदम पडलं की मुसळावर मुसळ आदळायचं आणि कुणीतरी हात झटकत ओरडायची. म्हणून क्रम ठरलेला असे. इंजिनातही तसंच. रेडिएटरकडून मोजायचं. आधी पहिला पेटतो, मग तिसरा, मग चौथा आणि शेवटी दुसरा. भद्रावतीच्या आमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, हे तं कांडणच झालं." तो म्हणाला, "बाई, आजपर्यंत कितीकांना शिकवलं, पण असं कोनी नाई म्हटलं." त्या दिवसापासून मी त्याच्या गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसायला लागले. शाळेत माझं मन रमलं नव्हतं, तिथे मात्र असं रमलं की विचारू नका!

गाडी घेतली होती ह्यांनी. ह्यांनी म्हणजे आमच्या नवऱ्यानं, कारखान्यातल्या एका निवृत्त होणाऱ्या सोबत्याकडून. दोनदा चालवली. दुसऱ्यांदा कॉलनीतल्या कडुनिंबाला भेटून आले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तूच चालव, मले बाजूले बसायले बरं वाटते." तेव्हापासून ते बाजूलाच बसतात आणि बोलतात. ते बोलतात आणि मी ऐकते, ते इंजिनाला. म्हणून आमचं जमतं.

गाडी चौकोनी तोंडाची. एके काळी पांढरी होती, आता सायीच्या रंगाची आहे. हजार सीसीच्या थोडं वर पेट्रोल इंजिन, एक कार्बोरेटर, चाळीसेक घोड्यांची ताकद. ती नवी असतानाची, बरं का! आता त्यातले काही घोडे निवृत्त झाले असतील. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. आत तीन लिटरच्या वर ऑइल आणि पाच लिटर पाणी. कुठे कॉम्प्युटर नाही, कुठे सेन्सर नाही. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं. कॉइल ही, डिस्ट्रिब्युटर तो, हा पंख्याचा पट्टा. बोलेल तेच खरं, लपवाछपवी काही नाही.

दुखणी आहेत, नाही कशाला म्हणू? थंडीत चोक ओढल्याशिवाय उठत नाही. चोक आत ढकलायचा राहिला की प्लग चुलीच्या तव्यासारखे काळे होतात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळले की उतारावरसुद्धा आचके देते. टॅपेट सैल झाले की शिवणयंत्र चालल्यासारखी टकटक. धुरावरूनही कळतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर आणि ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं दिसलं, तर गास्केट गेलं, मग हात जोडायचे. मे महिन्यात तर आमच्या चंद्रपूरच्या उन्हात गाडीतल्या छोट्या पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर चौकात बसते. त्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं, दोन गोष्टी बोलायच्या, की पुन्हा सुरू.

आणि रेडिएटर. त्याला खालच्या शिवणीत बारीक पाझर लागलेला. ह्यावर जुन्या ड्रायव्हरांचा उपाय म्हणजे हळद. चमचाभर हळद पाण्यात टाकली की ती फिरत फिरत त्या भोकापाशी जाऊन बसते. लोक हसतात, पण मी कित्येक वर्षं असंच चालवलंय.

तर गेल्या दिवाळीनंतर वडशाहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "बाई, मंडई लागल्या, नाटकं सुरू झाली. भाऊजीले घेऊन ये." आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, आणि थंडी पडली की नाटकाचा सीझन, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हटलं, "येतो नं, आपल्या गाडीनं येतो."

तेवढ्यात नागपूरहून मुलगा लाइनवर आला. त्याचं एकच रडगाणं. "आई, काऊन ओढून राह्यली ते डबडं? पार्ट भेटत नाई, मेकॅनिक भेटत नाई. जंगलात बंद पडली तं तुम्ही दोघं काय करान? मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलं आहे."

"आन मी मालकीन, मले कोनी विचारलं?"

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "तो बरोबर म्हनते. म्हातारपनी मले रस्त्यावर उभं नाई राहायचं."

"तुमाले बॉनेट कुठून उघडते ते तरी मालूम आहे काय?"

"म्हनून तं म्हनतो."

मग ह्यांनी तोडगा काढला. मुलगा फोनवर ऐकत असतानाच म्हणाले, "आयक, वडशाले याच गाडीनं जाऊ. रस्त्यात एक बी धक्का मारायचा नाई. कोन्या मेकॅनिकले फोन करायचा नाई. पोचली तं गाडी तुयी, मंग हा बी काई म्हननार नाई आन मी बी नाई. नाई पोचली, तं भंगारवाल्याले वडशालेच बोलावतो. मंजूर?"

मी म्हटलं, "मंजूर!" पण फोन ठेवल्यावर जाऊन गाडीत बसले. ही गाडी गेली तर मी कुठे जायचं झालं की कुणाच्या तरी सवडीची वाट पाहणार. कुणी नेलं तर जाणार, नाही नेलं तर खिडकीत बसणार. ते मला जमणारं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी दुपारपासून बॉनेटखालीच होते. पॉइंट घासले, प्लग साफ केले, पट्टा ताणला. रबराच्या नळ्या बदलल्या, आजकालचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही म्हणून. रेडिएटरमध्ये एक चमचा हळद टाकली आणि बहिणीकडे न्यायला तांदळाचं पोतं डिकीत ठेवलं. हे खुर्ची टाकून पाहत होते.

"हळद टाकली की काय होते?"

"भोक बुजते."

"नुसत्या हळदीनं? तिले चिकटायले काई नाई पाहिजे काय?"

"तुम्ही पेपर वाचा."

सकाळी उठले तर हे माझ्याआधी उठलेले. आमच्या लग्नात अशा सकाळी मोजक्याच. चहा मांडलेला, भांडी घासलेली, आणि चेहऱ्यावर एक शहाणपण. मी गाडीपाशी गेले. ऑइल बरोबर. रेडिएटरचं झाकण उघडलं, तर पाणी काठापर्यंत! पिवळं, गढूळ, हळदीचं. खाली फरशीवर थेंबही नाही. मी टाळीच वाजवली. "अवो, पाहा नं! एक थेंब नाई गळला!"

"मंग, चांगलंच झालं," एवढंच म्हणाले. त्यांच्या मानानं फारच कमी.

चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात उठली. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. चौघी कशा तालात कांडत होत्या! सकाळच्या धुक्यात कोळशाचे ट्रक मागे टाकत आम्ही भद्रावतीहून चंद्रपूर गाठलं, चहा प्यायलो आणि मूलच्या रस्त्याला लागलो. सागाची पानं पिवळी पडायला लागलेली, हवा गार. मी गाणं म्हणत होते. आणि हे गप्प. हेच मला खटकायला हवं होतं.

जंगल सुरू झालं तशी तापमानाची सुई हलली. थंडीत ती कधी मधल्या रेघेच्या वर जात नाही. आज गेली आणि जातच राहिली. माझं गाणं थांबलं. मनात एकेक तपासायला लागले. पाणी भरलेलं. पट्टा कालच ताणला. थर्मोस्टॅट तर मेकॅनिकनं कधीच काढून टाकलेला, आमच्या उन्हात त्याचं काम काय? गास्केट? पाठीमागे पाहिलं, पांढरा धूर नाही. मग तापते कशानं?

आणि वास यायला लागला. जळालेल्या ऑइलचा ओळखते मी, रबराचा ओळखते, क्लचचा ओळखते. हा तसला नव्हता. ओळखीचा होता, पण गाडीतला नव्हता.

"अवो, तुमाले कसला वास येते काय?"

"नाई बाप्पा."

"भाताचा येऊन राह्यला."

"तुले भूक लागली असंल." आणि खिडकीबाहेर पाहायला लागले.

थांबायची सोय नव्हती. त्या पट्ट्यात दर थोड्या अंतरावर वाघाच्या पाट्या आहेत. खाली उतरू नका, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. सुई लाल रेघेला टेकलेली. मी वरच्या गिअरमध्ये, अगदी हलक्या पायानं, उताराला पाय काढून, चढाला देवाचं नाव घेऊन गाडी काढली. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. हे म्हणतात, "थांबते काय?" मी म्हटलं, "वाघाले सांगान तुम्ही?" छाती अशी धडधडत होती की त्यातही एक मजा येत होती, खरं सांगते. कित्येक दिवसांत एवढी जागी झाले नव्हते मी.

जंगल संपलं, धानाच्या बांध्या दिसल्या. रस्त्याकडेच्या खळ्यावर दोन बायका धान झोडत होत्या, एक तरणी आणि एक तिची सासू. शेजारी बोडी, म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, पाण्यानं भरलेली. तिथे गाडी थांबवली.

झाकण लगेच उघडायचं नाही, हात भाजतो. इंजिन निवू दिलं. मग बारदाना ओला करून झाकणावर टाकला, हळूच फिरवलं. फस्स झालं आणि आतून काय आलं? फेस. पिवळा, जाडसर, बुडबुडे फुटणारा फेस, आणि त्यात शितं. हो, शितं!

तोवर सासूबाई कंबरेवर हात ठेवून जवळ आल्या होत्या. त्यांनी वाकून वास घेतला. "मावशी, अंदर भात मांडला काय?"

सून हसून हसून खाली बसली. "पिवळा भात, आत्या! वरातीची गाडी दिसते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते बोडीतल्या कमळांकडे.

"अवो."

"काय?"

"काय टाकलं तुम्ही हिच्यात?"

"पेज," ते म्हणाले. अगदी हळू. "रातच्या भाताची होती. पानी कमी झालं होतं, तं म्हटलं... हळदीले चिकटायले काईतरी पाहिजे. पतंग चिकटवतो, तवा भातानंच चिकटवतो नं आपन?"

"पतंग!"

"आन गळनं थांबलं का नाई? तू सोताच टाळी वाजवली."

थांबलं होतं, हे खरंच होतं. पेज गार असताना भोक बुजलं, आणि गरम झाल्यावर तिची खळ झाली. त्या बारीक नळ्यांतून खळ फिरणार कशी? माझा राग घशापर्यंत आला होता. म्हटलं, ह्यांनी मुद्दाम केलं, मला हरवायला. तसं बोलूनही टाकलं. "भंगारवाल्याचा लई कळवळा आला तुमाले!"

तसे हे चिडले. "हरवायचं असतं तं झोपलो नसतो काय? तू रोज पाझर पाहून तोंड पाडत होती. म्हटलं गाडी पोचली पाहिजे. पोरासमोर पैज मी लावली, काऊन की मी नसती लावली तं तो गुपचूप घेऊन गेला असता. तुले काई समजते काय?"

सासूबाई सुनेला म्हणाल्या, "चाल वं, गुंड आन. या दोघायचं भांडन सरंल तोवर पानी भरू." गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची घागर.

आता मी तुम्हाला विचारते, मदतीला कुणाला बोलावायचं नाही अशी अट होती काय? मेकॅनिकला, अशी होती. आणि ह्या बायकांना मी बोलावलंच नव्हतं, त्या आपणहून आल्या होत्या. ह्यांनाही मी ते ऐकवलं. ते म्हणाले, "मी कुठी काई म्हटलं?" आणि विजार गुडघ्यापर्यंत वर करून बोडीत उतरले.

रेडिएटरची खालची नळी काढली. पहिलं जे बाहेर पडलं ते पडलं नाही, लोंबलं. मग पाणी ओतायचं, नळी लावायची, गाडी चालू करायची, थोडी फिरू द्यायची, बंद करायची, निवू द्यायची, पुन्हा काढायची. गरम इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो, म्हणून दर वेळी थांबायचं. हे गुंड खांद्यावर घेऊन येत होते आणि सून मोठ्यानं म्हणत होती, "बाबाजी, डोक्यावर घ्या, खांद्यावर सांडते!" हे खरंच डोक्यावर घ्यायला गेले आणि सगळं पाणी अंगावर. थंडीचे दिवस. मी इतकी हसले की राग कुठे गेला ते कळलंच नाही. शेवटी पाणी पांढरं, मग स्वच्छ आलं. सासूबाईंनी ओंजळीत घेऊन पाहिलं, "झालं, धुतले तांदूळ."

पण पेज गेली तसा पाझर परत आला. टप, टप. आणि माझी हळद घरी.

निघताना सून खळ्यामागच्या घरातून करंडा घेऊन आली. "मावशी, दारात आल्या, कुंकू लावल्याबिना नाई जाऊ देत." तिनं मला हळदकुंकू लावलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, गाडीच्या तोंडालाही लावलं. मी म्हटलं, "बाई, तुले वाईट नाई वाटलं तं, ही हळद आनखी चिमूटभर दे. हिच्या पोटात टाकते." ती आधी बघतच राहिली, मग आत जाऊन पळसाच्या पानात मूठभर घेऊन आली. मी चमचाभरच टाकली. बाकीची पुडी बांधून ह्यांच्या खिशात दिली, आणि बजावलं, "नुसती ठेवाची. हात नाई लावाचा."

तांदळाच्या पोत्यातून तिला पसाभर तांदूळ काढून द्यायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "ठेवा मावशी, आमच्या खळ्यात तेच पडून आहे. तुमच्या गाडीले लागतीन."

मूल गेलं, सिंदेवाही गेलं, नागभीड, ब्रह्मपुरी. सुई मधल्या रेघेवर खिळलेली. ह्यांची बडबड परत सुरू झालेली, म्हणजे सगळं ठीक. वैनगंगेच्या पुलावरून पाणी पाहिलं, आणि आता वडसा आलंच म्हणेपर्यंत समोर रेल्वेचं फाटक पडलं.

मालगाडी होती. तुम्हाला ठाऊकच आहे, ती संपत नाही. उभ्या गाडीचं इंजिन तापतं, म्हणून मी बंद केलं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मी किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. बस, एवढंच. बॅटरी आधीच म्हातारी, त्यात बोडीपाशी इतक्या वेळा चालू-बंद केली होती की तिच्यातला जोर संपला होता, वाटेत पुरता भरून आलाच नव्हता.

मागून हॉर्न सुरू. मोटारसायकलवरचे दोघं उतरून धावत आले. "मावशी, ब्रेक सोडा, धक्का मारतो!"

"हात नाई लावायचा गाडीले!" मी अशी ओरडले की ते दोघं दोन पावलं मागे गेले.

वडसा समोर दिसत होतं. बहिणीचं घर तिथून चालत जाण्याएवढं. एक धक्का, फक्त एक, आणि मी पोचले असते. पण पैज पैज असते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे, मग मागच्या रांगेकडे. आणि उतरले. डिकी उघडली, तांदळाचं पोतं सरकवलं, आणि खालून हँडल काढलं.

जुन्या गाडीला समोरून लोखंडी हँडल लावून इंजिन फिरवायची सोय असते. इतक्या वर्षांत ह्यांनी त्याला हात लावला नव्हता. मी काच खाली करून ओरडले, "अंगठा बोटाच्या बाजूनंच ठेवा! गुंडाळू नका! उलटा फटका बसला तं मनगट जाईन!"

"मालूम आहे!"

"कसं मालूम?"

"तुले पाहून पाहून!"

पहिल्यांदा फिरवलं, नुसतं घुरघुरलं. दुसऱ्यांदा एक आचका. कांडताना पहिलं मुसळ पडावं तसा. ह्यांनी तळहातावर थुंकी लावली, जोर केला आणि खालून वर असं ओढलं की टोपी उडाली. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा! चौघी एकदम जाग्या झाल्या! मोटारसायकलवाले टाळ्या वाजवायला लागले, मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न. हे हँडल तलवारीसारखं वर धरून रस्त्यात उभे.

"बसा लौकर! फाटक पडंल पुन्हा!"

गाडीत बसले, धापा टाकत. म्हणाले, "हा धक्का नव्हे."

"मी कुठी म्हटलं?"

बहिणीच्या अंगणात गाडी लावली तेव्हा ऊन उतरत होतं. मुलाचा फोन आलाच. ह्यांनी उचलला. "पोचलो. नाई, धक्का नाई. मेकॅनिक बी नाई. तू त्या भंगारवाल्याले नाई म्हनून सांग." पलीकडून तो काहीतरी बोलत होता. हे म्हणाले, "नाई, तसं काई झालं नाई रस्त्यात. चहा प्यालो फक्त." आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

आत बहीण भात ओसवत होती, त्याची पेज गाळून काढत होती. दारातून डोकावली. "भाऊजी, गरम पेज आहे. मीठ घालून देऊ काय वाटीभर?"

ह्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.

"दे त्यायले," मी म्हटलं. "गाडी जेवून आली आहे."